कोटातील दगडी पेढ्या

भिलाई हे वयाने तरुण नगर आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातील माळरानावर सेक्टरांची वसाहत आकारास आली. येथील बहुतेक वास्तू आपल्यातील ज्येष्ठांच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांची इमारत पाहण्याचा व तिच्याकडून काही ऐकण्याचा योग आपणा भिलाईकरांस घरच्या अंगणात येत नाही. त्यासाठी मुलखाबाहेर जावे लागते. आपल्यापैकी अनेकजण लग्नकार्यानिमित्त वा मुलाबाळांना भेटण्यास मुंबईस जातात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून दक्षिणेस थोडे चालत गेले की जो भाग लागतो त्यास जुने मुंबईकर ‘कोट’ म्हणत. या कोटात एकोणिसाव्या शतकात बँकांच्या ज्या दगडी वास्तू उभ्या राहिल्या, त्यांची हकीकत आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ही हकीकत वरवर दगडमातीची दिसली तरी तिचा खरा विषय ‘पत’ हा आहे.

मुंबईत पैशाचा व्यवहार बँकांच्या पुष्कळ आधीपासून चालत होता. सराफ व सावकार यांच्या पेढ्या होत्या, दर्शनी व मुदती हुंड्या देशभर वटत होत्या, आणि सुरतेपासून बनारसपर्यंत एका चिठ्ठीवर हजारो रुपये उभे राहत होते. अशा पेढीस थाट लागत नसे. गादी, तक्के, लाल कापडात बांधलेल्या चोपड्या आणि एक मजबूत तिजोरी एवढे साहित्य पुरे. पेढीची पत तिच्या मालकाच्या चेहऱ्यावर असे. त्याचा बाप कोण, आजा कोण, मागच्या दुष्काळात त्याने कोणाची हुंडी परत फिरवली आणि कोणाची सकारली, हे साऱ्या बाजारास ठाऊक असे.

भागभांडवलाच्या बँकेस मात्र असा चेहरा नसतो. शेकडो भागधारक, बदलत राहणारे संचालक आणि चार वर्षांनी विलायतेस परत जाणारा व्यवस्थापक यांच्याकडे पाहून आपली ठेव कोणी ठेवावी? मग कंपनीने दगडाचा चेहरा धारण केला. जाड भिंती, उंच जोते, कमानींची ओळ, बिडाचे खांब आणि दारावर पहारा! ‘आम्ही उद्याही येथेच असू’ एवढे एकच वाक्य ती वास्तू रस्त्यावरून जाणाऱ्यास सांगत असे. या वाक्यात खरे किती आणि उसने किती, याचा निवाडा मुंबईने १८६५ मध्ये पाहिला.

मुंबई इलाख्याची अधिकृत बँक म्हणजे ‘बँक ऑफ बॉम्बे’ १८४० मध्ये स्थापन झाली. सव्वाबावन्न लाख रुपये भांडवल होते व त्यात सरकारचा वाटा तीन लाखांचा होता. बंगालची बँक तिच्याआधीची, मद्रासची १८४३ मधील. या तिघींस इलाखा बँका म्हणत. त्यांना प्रारंभी स्वतःच्या नोटा काढण्याचाही अधिकार होता; १८६१ च्या कायद्याने तो सरकारने आपल्याकडे घेतला. बँक ऑफ बॉम्बेच्या सनदेत आरंभी कडक निर्बंध होते. एका असामीस किती कर्ज द्यावे याची मर्यादा होती, तारण कोणते चालेल हे ठरलेले होते, आणि कंपन्यांच्या भागपत्रांवर उचल देण्याची सैल मुभा नव्हती. याच सुमारास इतर बँकाही पुढे आल्या. १८४२ मध्ये मुंबईत निघालेली ‘बँक ऑफ वेस्टर्न इंडिया’ तीन वर्षांत ‘ओरिएंटल बँक’ नाव घेऊन लंडनवासी झाली. १८४५ मध्ये ‘कमर्शियल बँक’, १८५३ मध्ये ‘मर्कंटाइल बँक’ निघाली. आणि लंडनच्या चार्टर्ड बँकेने १८५८ मध्ये मुंबईत कचेरी उघडली.

या कचेऱ्या जेथे एकवटल्या ती जागा पूर्वी मोकळे मैदान होते. इंग्रज त्यास ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. त्याच्या पश्चिमेस १७१८ मध्ये खुले झालेले सेंट टॉमसचे चर्च, पूर्वेस कर्नल टॉमस काउपर यांच्या आराखड्यानुसार बांधलेला व १८३३ मध्ये पुरा झालेला टाऊन हॉल, आणि त्यापलीकडे टांकसाळ. या मैदानात एके काळी कापसाच्या गासड्यांचे डोंगर रचलेले असत. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्यास हलला आणि मधोमधची जागा धुळीत पडून राहिली. पुढे पोलीस कमिशनर चार्लस फोर्जेट यांनी सुचविले की, येथे वर्तुळाकार बाग करून भोवती एकसारख्या इमारती उभाराव्यात. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ही कल्पना उचलून धरली व त्यांच्यामागून आलेल्या सर बार्टल फ्रिअर यांनी ती तडीस नेली. म्युनिसिपालिटीने जागा ताब्यात घेऊन तिचे भूखंड व्यापारी कंपन्यांना नफ्याने विकले. मात्र घेणाऱ्याने आपल्या मर्जीचे घर बांधावयाचे नव्हते; दर्शनी भाग सर्वांचा सारखा, कमानींची ओळ अखंड, आणि पादचाऱ्यास ऊनपावसात आसऱ्याची वाट मोकळी ठेवावयाची, असा दंडक होता. हेच ‘एल्फिन्स्टन सर्कल’. मधली बाग १८७२ मध्ये पूर्ण झाली.

हे भूखंड विकले जात असतानाच जगाच्या दुसऱ्या टोकास एक युद्ध पेटले. १८६१ मध्ये अमेरिकेतील यादवी सुरू झाली, दक्षिणेकडील संस्थानांची बंदरे नाकेबंदीत सापडली, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी हिंदुस्थानकडे पाहू लागल्या. वऱ्हाड, खानदेश व गुजरात येथील कापूस मुंबईच्या गोदीवर सोन्याच्या मोलाने विकला जाऊ लागला. त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीखेरीज सुमारे सात ते आठ कोटी पौंडांची संपत्ती मुंबईच्या पदरी पडली, असा अंदाज जुन्या लेखकांनी दिला आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे मराठी पुस्तक नेमके याच भरतीच्या मध्यास, १८६३ मध्ये, प्रसिद्ध झाले.

आलेला पैसा कोठेतरी गुंतवावयास हवा होता. मग कंपन्यांचे पीक आले. बँका, वित्तसंस्था, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या, कापूस दाबण्याचे कारखाने, जहाजे, विमा, सारे काही! जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ कापूसदाब कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या, अशी गणना मुंबईच्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. यांपैकी पुष्कळांस कचेरीपुरती खोली आणि दारावरची पाटी यापलीकडे अस्तित्व नव्हते.

यातील खरी मेख वाचकांनी नीट ध्यानी घ्यावी. १८६३ मध्ये बँक ऑफ बॉम्बेस नवी सनद मिळाली आणि तीत जुने निर्बंध सैल झाले. भागपत्रे तारण ठेवून उचल देणे आता शक्य झाले. माणूस भाग विकत घेई, तेच बँकेत गहाण टाकी, उचललेल्या रकमेतून आणखी भाग घेई, त्यामुळे भागांचा भाव चढे, आणि चढलेल्या भावावर आणखी उचल मिळे. बँकेचे भांडवलही प्रथम दुप्पट व नंतर चौपट होऊन दोन कोटी नऊ लाखांवर गेले. ज्यांनी कर्जास मंजुरी द्यावयाची तेच अनेकदा कर्ज घेणाऱ्यांचे भागीदार वा मित्र होते. प्रेमचंद रायचंद या एका दलालाच्या शब्दाचे वजन सनदेतील कलमांहून अधिक झाले.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेले व युद्ध संपत आले. वार्ता मुंबईस पोचताच कापूस कोसळला. वायद्याच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशी कोणीच कोणाचे देणे देऊ शकले नाही, कारण ज्याच्याकडून येणे तोही बुडालेला. एकामागून एक कंपन्या व पेढ्या दिवाळखोरीत निघाल्या. बँक ऑफ बॉम्बे काही काळ तग धरून राहिली. पण तिचे बहुतेक सारे भांडवल बुडीत कर्जांत गेले होते. ती गुंडाळावी लागली आणि तिच्या जागी जानेवारी १८६८ मध्ये नवी बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली. सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. सनदेतील सैलपणा, व्यवस्थापकांची दुर्बलता आणि संचालकांची बेफिकिरी ही त्या अधःपाताची कारणे म्हणून नोंदली गेली. भागधारकांत बडे शेटच तेवढे नव्हते. विधवांच्या व अज्ञान मुलांच्या ठेवीही सरकारी बँकेचे भाग म्हणून निश्चिंत मनाने तेथे गुंतविलेल्या होत्या. सरकारचा वाटा आहे, इमारत दगडी आहे, मग भय कसले, असा त्यांचा विचार. आणि तो अडाणीपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. ती वास्तू त्यांस हेच तर सांगत होती.

आणि येथे इतिहासाचा एक विलक्षण पेच दिसतो. कंपन्या गेल्या, इमारती राहिल्या. एल्फिन्स्टन सर्कलचे बांधकाम भरतीच्या पैशात सुरू झाले आणि ओहोटीच्या वर्षांत पुरे झाले. प्रेमचंद रायचंद यांनी तेजीच्या काळात विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले. पुढे स्वतःचे दिवाळे वाजले, तरी मातेच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची जी रांग उभी राहिली, तिच्यामागेही त्याच वर्षांतील पैसा व उमेद होती. कोट्यवधी रुपये कागदावर आले व कागदावरच विरले. त्यांतील जो अंश चुना, दगड व पुस्तके यांत रूपांतरित झाला, तेवढाच शहरास कायमचा लाभला.

नव्या बँकेस नव्याने पत मिळवावी लागली, आणि ती दगडाने मिळाली नाही. १८७६ च्या कायद्याने इलाखा बँकांवर पुन्हा कडक निर्बंध आले व सरकारने आपले भाग काढून घेतले. याच काळात मुंबईच्या भरभराटीस एका कालव्याने स्थैर्य दिले. आपणा भिलाईकरांस कालवा म्हटला की तांदुळा आठवतो. त्याच्या पाण्यावर आपला कारखाना चालतो. मुंबईच्या बँकांस तसा सुवेझचा कालवा फळला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी तो खुला झाला आणि लंडन-मुंबई हा जलमार्ग आफ्रिकेच्या वळशाच्या दहा हजारांहून अधिक सागरी मैलांवरून सुमारे सव्वासहा हजारांवर आला. पुढल्याच वर्षी समुद्रातून तार आली. पूर्वी लिव्हरपूलचा भाव कळण्यास आठवडे लागत, तो आता त्याच दिवशी कळू लागला. कापूस जहाजावर चढला की निर्यातदाराने भरणा-पावतीसह हुंडी बँकेस द्यावयाची, बँकेने येथे रुपये मोजावयाचे आणि विलायतेत पौंड वसूल करावयाचे, हा विनिमय बँकांचा धंदा होता. जोखमीची मुदत महिन्यांवरून आठवड्यांवर आली व धंदा वाढला.

तरीही धोका टळला नव्हता. १८७३ नंतर चांदीचा भाव उतरत गेला व त्याबरोबर रुपयाचाही. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आला. ज्या ओरिएंटल बँकेचे नाव पूर्वेकडील सर्व बंदरांत दबदब्याने घेतले जाई, ती १८८४ मध्ये बंद पडली. मर्कंटाइल व चार्टर्ड या टिकल्या. मर्कंटाइल बँक पुढे १९५९ मध्ये हाँगकाँग आणि शांघाय बँकेने घेतली. कोटातील महात्मा गांधी मार्गावर या दोन्ही बँकांच्या परंपरेच्या वास्तू आजही समोर येतात.

या साऱ्यात मराठी माणूस कोठे होता, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. पाटीवरील नावे इंग्रजांची, पारशांची, गुजराती व भाटिया शेटांची. मराठी समाजातील थोर पुरुष नाना शंकरशेट हे मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे आधारस्तंभ. ते हिशेबाच्या त्या काळ्या दिवसानंतर महिनाभराने, ३१ जुलै १८६५ रोजी, निवर्तले. परंतु ज्या कापसावर हा डोलारा उभा राहिला, त्याचा मोठा भाग वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याने पिकविला होता. मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, सह्याद्रीचा काळा पाषाण हे या मातीचेच. कोकणातून व घाटावरून आलेले कारकून, पट्टेवाले, हमाल व पहारेकरी यांनी हा कोट रोज सकाळी उघडला व रोज संध्याकाळी बंद केला. चोपडीत नाव नसले म्हणजे कष्ट नव्हते असे होत नाही. आणि याच भागातील फ्लोरा फाउंटनपाशी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गोळीबार झाला, मराठी माणसाचे रक्त सांडले, आणि ती जागा हुतात्मा चौक झाली. तेव्हा हा कोट आपला नाही असे कोणी म्हणू नये. घामाने व रक्ताने आपण त्यात भागीदार आहो.

पुढील वाटचाल थोडक्यात सांगतो. २७ जानेवारी १९२१ रोजी तिन्ही इलाखा बँका एकत्र होऊन इंपीरियल बँक झाली, आणि १ जुलै १९५५ रोजी तिची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. १ जुलै हीच ती १८६५ च्या नादारीची तारीख! बरोबर नव्वद वर्षांनी, केवळ योगायोगाने, त्याच तारखेस बँक ऑफ बॉम्बेचा वारसा स्वतंत्र भारताच्या हाती आला. आपल्या पोलाद कारखान्याचा करार आणि स्टेट बँक यांचे जन्मवर्षही एकच. मराठी समाजानेही या धड्यातून आपला मार्ग काढला. १९०६ मध्ये मुंबईस शामराव विठ्ठल व पुण्यास कॉसमॉस, १९१८ मध्ये सारस्वत या सहकारी संस्था निघाल्या. पुण्यास १९३५ मध्ये नोंदली गेलेली बँक ऑफ महाराष्ट्र पुढील वर्षी कामास लागली. यांचा आरंभ कमानींनी झाला नाही. एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांच्या छोट्या ठेवींनी झाला. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. विदर्भातून आलेल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस ते नाव अजून आठवत असेल. त्या धक्क्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींस विम्याचे संरक्षण मिळू लागले. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली. १८६५ च्या विधवेस जे मिळाले नाही, ते मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

एल्फिन्स्टन सर्कल आज हॉर्निमन सर्कल म्हणून ओळखले जाते. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन हे इंग्रज असून हिंदी स्वातंत्र्याच्या बाजूने लिहीत, म्हणून सरकारने १९१९ मध्ये त्यांस देशाबाहेर घालविले. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नराचे नाव जाऊन या संपादकाचे नाव आले. वर्तुळाची कमानदार दर्शनी बाजू बऱ्याच अंशी मूळची आहे. शेजारची स्टेट बँकेच्या मुख्य शाखेची भव्य इमारत मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील. एका जुन्या इमारतीत २०१२ मध्ये अमेरिकन कॉफी कंपनीने भारतातील आपले पहिले दुकान थाटले. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा-वास्तूंचे नियम झाले व अशा इमारती मनास येईल तशा पाडण्यास प्रतिबंध बसला. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतालच्या वास्तुसमूहास युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. राजाबाई टॉवर त्यातच येतो. मात्र त्याच २०१८ साली, याच परिसरातील ब्रॅडी हाऊसमधील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून अनधिकृत हमीपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले व तेरा हजार कोटींहून अधिक रकमेचा प्रश्न उभा राहिला. दगड तेच, मोहही तोच!

काहीजण विचारतात, साम्राज्याच्या पैशाने व सट्ट्याच्या उन्मादात उभ्या राहिलेल्या वास्तू आपण का जपाव्यात? आमचे उत्तर असे की, जमाखर्चाची वही जपताना आपण केवळ जमेची पाने ठेवीत नाही. खर्चाची पाने फाडणारा कारकून नोकरीस मुकतो. या इमारती मुंबईची व पर्यायाने आपलीही जुनी वही आहे. तिच्या एका पानावर सामूहिक शिस्तीने सुंदर झालेले वर्तुळ आहे; जेथे प्रत्येक मालकाने आपली हौस आवरून सर्वांसारखी कमान बांधली आणि अनोळखी वाटसरूस सावली दिली. दुसऱ्या पानावर, कोणीच कोणास आवरले नाही म्हणून बुडालेली बँक आहे. दोन्ही पाने एकाच दशकातील, एकाच चौकातील आहेत. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज बेरीज लागत नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्हांस हाच हिशेब विशेष मोलाचा वाटतो. परमुलखात आलेल्या माणसांनी वर्गणी गोळा करून मंडळ उभे करणे हाही एक पतीचाच व्यवहार होय. ज्यांनी पहिली वर्गणी दिली, त्यांनी ती कोणत्या इमारतीकडे पाहून दिली नव्हती. इमारत तेव्हा नव्हतीच. गणेशोत्सवाचा जमाखर्च सभेपुढे वाचून दाखविणाऱ्या चिटणीसाच्या आवाजावर त्यांनी विश्वास टाकला होता. वास्तू मागाहून येते आणि आली की ती शोभिवंत व्हावी हेही योग्यच. पण तिच्या भिंतींस बळ त्या वाचून दाखविलेल्या जमाखर्चाचेच असते. मुंबईस गेल्यावर वाचकांनी हॉर्निमन सर्कलच्या कमानींखालून एकवार सावकाश चालावे, मुलानातवंडांस सोबत न्यावे, आणि त्यांस या दगडांची जमेची व खर्चाची दोन्ही पाने वाचून दाखवावीत, एवढीच आमची विनंती आहे.